मोकळ्या सोडलेल्या गावठी कोंबड्या: रात्री कोण नेतंय कळत नाही, दिवसा शेजारणीच्या मेथीत

परसातला_नवखा

नमस्कार मंडळी. मी मुंबईची नोकरी सोडून गावी आलोय, संगमेश्वर तालुका, घर जुनं कौलारू, मागे चौदा गुंठे परसू आहे त्यात दोन फणस, पाच-सहा माड आणि बाकी सगळं रान. गणपतीत २६ मोठ्या कोंबड्या होत्या, बहुतेक गावठी, चार वनराज आणि तीन कडकनाथ. आज मोजल्या तर १६. म्हणजे दहा गेल्या आणि पिल्लांचा तर हिशोबच नको, ११ काढली होती एका कोंबडीने, उरली ४.

खुराडं म्हणजे घराच्या मागच्या भिंतीला लागून उतरती पडवी काढलीय, तीन फूट चिऱ्याची भिंत, तिच्यावर ती पातळ तारेची षटकोनी भोकांची जाळी मिळते ती, आणि वर कौलं. दार लाकडी, बाहेरून कडी. रोज तिन्हीसांजेला कडी मीच लावतो, विसरलो असं एकदाही झालेलं नाही, तरी पाच कोंबड्या रात्रीच गेल्या. त्यातल्या तीन सकाळी आतच मेलेल्या मिळाल्या, डोकं आणि मानेचा भाग खाल्लेला, बाकी अंग तसंच. दोन गायबच. दार बंद, जाळी कुठे फाटलेली नाही, खाली उकरलेलं नाही.

तीन दिवसा चरायला गेल्या त्या परत आल्या नाहीत. पिसं पण कुठे दिसली नाहीत. आणि दोन अशाच मेल्या, जखम काही नाही, एकीची मान वाकडी झाली होती दोन दिवस.

दुसरं लफडं असं की आमच्या शेजारच्या काकू. चार फुटाचं कुंपण आहे मध्ये, ते या गावठी तलंगा उडी मारल्यासारखं ओलांडतात आणि काकूंच्या मेथीत आणि वालाच्या वाफ्यात जाऊन सगळं उकरून ठेवतात. काकू आधी हसून सांगायच्या, आता नाव घेऊन ओरडतात. चूक त्यांची काहीच नाही.

कायम कोंडून ठेवायचं नाहीये, मग गावी येऊन उपयोग काय. वाडीतला एक जण म्हणाला मेलेल्या कोंबडीत औषध भरून ठेव, जे येईल ते मरेल. ते मनाला पटत नाही. काय करू?

---

लांज्याचा_अण्णा

पहिलं म्हणजे ते औषधाचं डोक्यातून काढा. ते खाऊन चोर मरेल का माहीत नाही पण वाडीतलं मांजर, कुत्रा, घारी, कावळे नक्की मरतील, आणि तुमच्याच उरलेल्या कोंबड्या त्याला चोच लावतील.

आता चोर. मंडळी लगेच मुंगसाचं नाव घेतील. पण मुंगूस दिवसाचं जनावर आहे, रात्री ते बिळात झोपलेलं असतं. तुमच्या रात्रीच्या पाच मुंगसाने नेलेल्या नाहीत. दार बंद, जाळी धड, जमीन धड, मग राहिलं काय? वरचं राहिलं. फणसाची फांदी पडवीच्या कौलांवर येते का बघा. मला तर हा कांडेचोर वाटतो, उदमांजर म्हणतात तेच. माडावर चढतो, माडीच्या मडक्यात तोंड घालतो, पिकलेला फणस खातो आणि मध्येच कोंबडीची चव लागली की रोज येतो. अंगाने लांबुळका असतो, डोकं जाईल एवढी फट मिळाली की मागचं सगळं अंग जातं.

खात्री करायची तर चुलीतली राख चाळून घ्या आणि रात्री खुराड्याच्या भोवती, भिंतीच्या वरच्या कडेवर आणि दारासमोर पातळ थर पसरा. दाट टाकू नका, दाट राखेत ठसा ढासळतो. सकाळी कोंबड्या सोडायच्या आधी बघायचं. चार बोटं आणि पुढे नखांचे टिपके असले तर कुत्रा नाहीतर कोल्हा. चार बोटं, गोल ठसा आणि नखं नाहीत तर मांजर, रानमांजर. पाच बोटं दिसली तर बहुतेक कांडेचोर.

आणि ती षटकोनी जाळी काढा हो. कुत्र्याने दोनदा पंजा मारला की तिचा पीळ सुटतो. अर्ध्या इंची भोकाची वेल्डमेश घ्या, हार्डवेअरवाल्याला वेल्डमेश म्हटलं की कळतं. महाग पडते पण एकदाच. कौलांच्या खाली वाश्यांना पण तीच मारायची, म्हणजे छताला आतून जाळीचं अस्तर झालं पाहिजे. लोक चारी बाजू करतात आणि वरचं सोडून देतात.

खालच्या बाजूला जाळी सरळ खोल पुरायची गरज नाही. भिंतीपासून बाहेर फूट-दीड फूट जमिनीवर आडवी पसरा आणि वर माती, दगड टाका. घूस काय मुंगूस काय, भिंतीला चिकटूनच उकरायला सुरुवात करतं, खाली जाळी लागली की सोडून देतं, मागे सरकून दोन फुटांवरून भुयार काढायची अक्कल त्याला नसते.

---

जुन्नरकडचा

अण्णांचं बरोबर आहे पण आमच्याकडं प्रश्न निराळा हाय. इकडं बिबट्या. कोंबडीसाठी येतो असं नाही, कोंबड्यांच्या वासानं भटकी कुत्री येत्यात, कुत्र्याच्या मागं बिबट्या येतो, आणि एकदा आला की जे दिसंल ते. माझं खुराडं पहिलं उसाच्या बांधाला व्हतं, जागा मोकळी म्हणून, तीच चूक झाली. आता घराच्या भिंतीला घेतलंय, मध्ये पंधरा-वीस पावलं मोकळं मैदान ठेवलंय, गवत कापून, की कुणी आलं तर उघड्यावरनं यावं लागंल. रात्रभर एक बल्ब.

एकच सांगतो, रात्री कोंबड्यांचा कालवा झाला तर बॅटरी घिऊन एकटं पळत जाऊ नका. आधी घरातनं मोठ्यानं आवाज द्या, डबा वाजवा, मग दोघं मिळून जा. कोंबडी दुसरी आणता येती.

संगमेश्वरात पण बिबट्या हायच की.

---

परसातला_नवखा

हो आहे, मागच्या उन्हाळ्यात वाडीतला एक कुत्रा नेला. अण्णा, फांदीचं तुम्ही कसं ओळखलंत, कापा फणसाची एक फांदी बरोबर पडवीवर टेकलीय. आज राख टाकतो.

---

पशुधन_निवृत्त

मी पशुसंवर्धन खात्यात तीस वर्षं पशुधन पर्यवेक्षक होतो, चोरांबद्दल मंडळी सांगतीलच, मला त्या दोन जखम नसलेल्या कोंबड्यांची जास्त काळजी वाटते. मान वाकडी होऊन मेली म्हणताय, हिरवट पातळ विष्ठा होती का, एक पंख किंवा पाय ओढत होती का? मानमोडीची शंका घ्या, म्हणजे राणीखेत. ती लागली तर कांडेचोराने वर्षभरात नेल्या नसतील तेवढ्या आठवड्यात जातील. आता एखादी आजारी दिसली तर लगेच वेगळी ठेवा आणि मेलेली असेल तर तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन जा, तपासणीला पाठवतील.

मोकळ्या कोंबड्यांना लस कशाला असं लोक म्हणतात, उलट मोकळ्यांनाच जास्त गरज, दहा घरांच्या उकिरड्यावर फिरतात त्या. पिल्लं निघाली की पहिल्या आठवड्यात लासोटा ही राणीखेतची लस, डोळ्यात किंवा नाकात थेंब. दुसऱ्या आठवड्यात गंबोरो रोगाची लस. आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी, ही पण राणीखेतचीच लस, ती पंखाखाली टोचतात. लस बर्फात आणायची, थंड वेळेला द्यायची, एक कुपी फोडली की ती शंभर-दोनशे पक्ष्यांची असते म्हणून वाडीतल्या चार-पाच घरांनी मिळून एकाच संध्याकाळी द्या, खर्च नगण्य.

मेलेली कोंबडी पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, टाकू नका. खोल खड्डा, चुना, वर माती. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा मोठ्या पोल्ट्र्यांबरोबर आजूबाजूच्या लोकांच्या परसातल्या कोंबड्याही नष्ट कराव्या लागल्या होत्या, म्हाताऱ्या बायका रडत होत्या. तेव्हापासून मी सांगतो, पाणी पाजायचं भांडं खुराड्यापाशी ठेवा, तळ्यावर रानबदकं उतरतात तिथे कोंबड्या जाऊ देऊ नका.

आणि कायद्याचं. कांडेचोर, मुंगूस, घोरपड, अजगर, सगळे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. विष, फास, पिंजरा, काहीही स्वतः करायचं नाही. खुराडं पक्कं करणं हा एकच धंदा आपल्या हातात आहे.

---

मालवणची_मावशी

अरे बाबा तुझी पिल्लं कोण नेतंय ते कोणी सांगितलंच नाही. सात पिल्लं दिवसा गेली ना? ती घारीने आणि कावळ्यांनी नेली. कावळ्याला कमी समजू नको, आठ दिवसांचं पिल्लू तो सहज उचलतो, आणि दोघं मिळून येतात, एक कोंबडीला डिवचतो तोवर दुसरा मागून पिल्लू घेऊन जातो. मी डोळ्याने बघितलंय.

पिल्लं दीड महिन्याची होईपर्यंत मोकळी सोडायची नाहीत. माझ्या सासूची रीत म्हणजे आई डालग्याखाली, म्हणजे उलट्या घातलेल्या मोठ्या टोपलीखाली, आणि पिल्लं बाहेर. डालग्याच्या फटीतून पिल्लं आत-बाहेर करतात, आईपासून लांब जात नाहीत, वर सावली दिसली की आई ओरडते आणि सगळी आत. डालग्यावर एक दगड ठेवायचा नाहीतर कुत्रं ते उलथवतं. आता डालगी विणणारे कमी झालेत पण बाजारात अजून मिळतात, प्लास्टिकचं क्रेट उलटं घालू नको, उन्हात आत भट्टी होते.

मोठ्यांसाठी, आमच्याकडे रापणीचं, म्हणजे किनाऱ्यावरून मासे ओढायचं, जुनं जाळं मिळतं, फाटलेलं, कोणी फुकट पण देतं. ते मी परसात माडापासून माडापर्यंत वर बांधलंय, खाली दाणे टाकते. घार वरून झेप घेत नाही. पण जमिनीला टेकू द्यायचं नाही हां. माझ्याकडे गेल्या पावसात एक कड खाली लोंबत राहिली आणि त्यात एवढी मोठी धामण अडकली, जेवढी हलत होती तेवढे नायलॉनचे धागे खवल्यांत रुतत होते. सर्पमित्राला बोलावलं, त्याने अर्धा तास छोट्या कात्रीने एकेक धागा कापला, मी टोपात पाणी घेऊन उभी. गेली बिचारी पऱ्याकडे. तेव्हापासून जाळं कमरेच्या वरच बांधते.

आणि माड-फणसाखाली करवंदीची जाळी असेल तर तोडू नको साफसफाईच्या नावाखाली! सगळ्यात चांगलं लपायचं ठिकाण तेच. घार आली की कोंबडा लांब घसा खरवडल्यासारखा क्रर्रर्र करतो आणि सगळ्या झुडपात, आणि कुत्रं किंवा मुंगूस आलं तर कट-कट-कटाक, मग सगळ्या झाडावर. दोन आवाज वेगळे. ऐकून ऐकून मला पण कळायला लागलेत. कोंबडा एक तरी जाणता ठेव.

दिवसा गायब झालेल्या तिघींबद्दल माझी सासू म्हणायची, "गेली म्हणान रडा नको, अंडी खंय घालता ता बघ." एखादी चोरून रवणीला, म्हणजे अंडी उबवायला, बसली असेल कुठेतरी.

---

कोथरूडचा_कोंबडेवाला

काकूंच्या मेथीचं सांगतो. मी बंगल्याच्या मागच्या आवारात सहा ठेवल्यात. एका बाजूच्या पंखाची बाहेरची दहा मोठी पिसं कापायची, फक्त एकाच बाजूची, दोन्ही कापली तर तोल राहतो आणि तरीही थोडं उडतात. एकच कापलं की उडताना कलंडते. दुखत नाही, आपली नखं कापल्यासारखं. फक्त नुकतं उगवत असलेलं पीस कापायचं नाही, त्याच्या देठात रक्त असतं, निळसर दिसतं. पिसं झडून नवीन आली की परत कापायचं.

माझ्याकडे कोंबडा नाही, होता, सोसायटीतल्या तीन सह्या झाल्या आणि त्याला गावी पाठवला.

---

लांज्याचा_अण्णा

कोथरूडकर, तुमच्या आवाराला सहा फुटी भिंत आहे म्हणून ठीक. यांच्याकडे कुत्री आहेत. कुत्रं मागे लागल्यावर गावठी कोंबडी वाचते ती उडून फांदीवर बसते म्हणून, तिचा पंख कापला की तिला कुत्र्याच्या तोंडात दिल्यासारखं झालं. मी नाही कापत. वनराजचं वेगळं, ती अंगाने जड, तशीही चार फूट उडत नाही. ती हैदराबादच्या पोल्ट्री संशोधन संचालनालयाने परसासाठीच काढलेली जात, पाय लांब आहेत त्यामुळे पळते चांगली. तुमच्या मेथीत जाणाऱ्या गावठी आणि कडकनाथ असणार, बरोबर का?

माझं मत विचाराल तर कोंबड्यांना कुंपण घालत बसू नका, मेथीला घाला. वाफा केवढा, दहा बाय वीस. त्याच्याभोवती शेवग्याच्या नाहीतर बांबूच्या काठ्या आणि मासेमारीचं जाळं, तेही सैल. सैल जाळ्यावर कोंबडीला बसता येत नाही, ताठ कुंपणाच्या वरच्या दांडीवर ती आधी बसते आणि मग आत उतरते. म्हणून वरची दांडी ठेवूच नका. खर्च तुम्ही करा, काकूंनी नाही.

दुसरं, सकाळी साडेनऊ-दहाच्या आधी सोडू नका. बहुतेक अंडी सकाळीच घालतात, ती खुराड्यात पडतील. पहाटे मुंगसाची आणि कोल्ह्याची पण फेरी असते, तीही टळते. संध्याकाळी पाचला दाणे, रोज त्याच डब्यात, रोज तीच हाक, आऽ आऽ आऽ. दिवसा पोटभर दाणे घालायचे नाहीत, नाहीतर संध्याकाळी येणार कशाला.

अंडी काढायला हात घालायच्या आधी बॅटरी मारून बघा. रत्नागिरी जिल्हा आहे, फुरसं चिऱ्याच्या फटीत बसतं आणि नाग तर अंड्यासाठी येतोच.

---

परसातला_नवखा

बारा दिवस झाले म्हणून लिहितोय.

राख टाकली. पहिल्या रात्री काही नाही. दुसऱ्या रात्री पाऊस शिंपडला, राखेचा चिखल. तिसऱ्या सकाळी दारासमोर आमच्याच मांजराचे ठसे, आणि भिंतीच्या वरच्या कडेवर, जिथे कौलं टेकतात, तिथे पाच बोटं. एकदम स्वच्छ, मागचा तळवा पण उठलेला. अण्णा, तुम्हाला एक नारळ लागू. शेवटच्या कौलाखाली वाशाच्या बाजूला मुठीएवढी फट होती, मी रोज खालून बघायचो त्यामुळे दिसलीच नव्हती, स्टूल घेऊन चढलो तेव्हा वाशाला त्याचे केस चिकटलेले दिसले, करडे, राठ.

फांदी उतरवली. वडिलांना वाईट वाटलं, कापा फणस होता. वेल्डमेश आणून वाश्यांना आतून मारली, यू खिळे ठोकून, दोघांना दोन दिवस लागले आणि माझ्या बोटांची चाळण झाली. बाहेरून जमिनीवर फूटभर जाळी पसरली आणि वर चिऱ्याचे तुकडे. तेव्हापासून रात्री एक पण गेली नाही. कांडेचोर अजून येतो, कौलांवर धडधड ऐकू येते दोनच्या सुमाराला, चालतो, थांबतो, परत जातो.

पशुधन साहेब, हिरवी विष्ठा होती, तुमचं ऐकून आठवलं. नवीन कोणी आजारी नाही. तालुक्याच्या डॉक्टरांनी आधी आठ दिवस वाट बघायला लावली, मग पाच घरांनी मिळून लस घेतली, काकूंच्या दोन कोंबड्या पण त्यात. त्यांच्याकडे कोंबड्या आहेत हे मला तेव्हा कळलं.

दिवसा मात्र परवा एक कडकनाथ गेली, मुंगूसच, माझ्या डोळ्यांदेखत करवंदीच्या आत ओढून नेली, मी धावेपर्यंत संपलं होतं. ते आता धरूनच चालायचं असं दिसतंय.

काकूंच्या वाफ्याला जाळं लावून दिलं, सैल. आणि मावशी, तुमच्या सासूबाई बरोबर होत्या. गायब तिघींपैकी एक सापडली. काकूंच्या न्हाणीघरामागे लाकडं रचलेली आहेत त्याच्या आत, अकरा अंड्यांवर बसली होती, रोडावलेली, हात लावला तर टोच मारली. किती दिवस बसलीय कोणालाच माहीत नाही. काकू म्हणतात कोंबडी तुझी, अंडी माझ्या हद्दीत घातली म्हणून अंडी माझी, मेथीची भरपाई. मी हो म्हटलं. पण ती चांगली आहेत की सडकी, कसं बघायचं? २१ दिवस होऊन गेले असतील तर?

---

मालवणची_मावशी

कोमट पाणी घे टोपात आणि एकेक अलगद सोड, कोंबडी दाणे खायला उठेल तेव्हा. तडा गेलेलं अंडं पाण्यात घालू नको. पिल्लू जिवंत असलं तर अंडं तरंगताना आपोआप डुचमळतं. नुसतं निपचित तरंगलं की फेकून दे, लांब नेऊन फेक, फुटलं तर वास जात नाही. आणि पटकन पुसून परत ठेव, गार करू नको.

बुडालं तर काकूंना दे.

---

परसातला_नवखा

तीन डुचमळली. काकू टोपावर वाकून बसल्या होत्या, आता म्हणतात डालगं कुठे मिळेल.